आठशे एक्क्याण्णव अक्षरांची वंशावळ

१९९७ च्या एप्रिलमध्ये सिबूच्या इस्पितळात लहान मुलं दगावू लागली. सिबू हे बोर्निओ बेटावरचं, मलेशियाच्या सारावाक राज्यातलं, रजांग नदीकाठी लाकडाच्या व्यापारावर वाढलेलं शहर. दगावणारी मुलं चार दिवसांपूर्वीपर्यंत हसती-खेळती होती, वय सहाच्या आत. आधी दोन-तीन दिवस ताप, काहींच्या तोंडात व्रण, तळहात-तळपायांवर बारीक फोड. असा ताप मुलांना येतोच, म्हणून आईबाप फारसे घाबरत नसत. मग एकाएकी नाडी जोरात पळू लागे, अंग गार पडे, धाप लागे आणि फुप्फुसात पाणी भरे. इस्पितळाच्या दारात पोहोचल्यापासून काही तासांतच सारं आटोपत असे. जून संपेपर्यंत अशी २९ मुलं गेली. त्याच काळात सारावाकमध्ये हात-पाय-तोंडाच्या आजाराच्या २,६०० हून अधिक रुग्णांची नोंद झाली होती.

डॉक्टरांची पंचाईत अशी होती की हा आजार त्यांना ठाऊक होता आणि तो जीवघेणा नाही हेही ठाऊक होतं. हृदय बंद पडून मुलं जातात असं वरवर दिसत होतं. म्हणून पहिला संशय हृदयाच्या स्नायूला सूज आणणाऱ्या कॉक्सॅकी-बी विषाणूवर गेला. सारावाक विद्यापीठातल्या विषाणुतज्ज्ञ जेन कार्डोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुने तपासले, तेव्हा दोन विषाणू हाती लागले: एंटरोव्हायरस ७१ आणि एक ॲडिनोव्हायरस. दोहोंपैकी मुलांना मारणारा कोणता, की दोघांनी मिळून घात केला, यावर पुढे बराच काळ वाद चालला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या त्यांच्या लेखातही तो प्रश्न उघडाच ठेवलेला होता. मला तो प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. मुलं मरत असताना उत्तर लवकर द्यावं असा दबाव चहूबाजूंनी असतो आणि हाती असलेला पुरावा अर्धा असतो.

हा आजार वैद्यकाला तोवर चाळीस वर्षं माहीत होता. १९५७ च्या उन्हाळ्यात कॅनडात टोरोंटोला त्याची साथ आली आणि रुग्णांमध्ये कॉक्सॅकी ए-१६ विषाणू सापडला. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला तसाच उद्रेक झाला. तिथल्या डॉक्टरांनी जिथे-जिथे फोड येतात त्या अवयवांवरूनच आजाराला नाव दिलं. गुरांच्या लाळ्या-खुरकुताशी त्याचा संबंध नाही. तो विषाणू वेगळा आणि तो आजार माणसाच्या मुलांना सहसा होत नाही. ए-१६ मुळे होणारा आजार आठवड्याभरात आपोआप बरा होतो. मूल दोन दिवस नीट खात नाही, पाळणाघर बंद ठेवावं लागतं, इतकाच त्याचा उपद्रव.

या आजाराचा दुसरा विषाणू, एंटरोव्हायरस ७१, मात्र वेगळ्या वाटेने आला. कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत १९६९ साली मेंदूज्वर झालेल्या एका बाळाच्या शौचातून एक विषाणू वेगळा करण्यात आला. ज्ञात विषाणूंविरुद्धचे कोणतेच सीरम त्याला निष्प्रभ करेना. नॅथली श्मिट, एडविन लेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या काही वर्षांत मेंदू आणि मज्जासंस्थेचा आजार झालेल्या एकूण वीस रुग्णांत तोच विषाणू ओळखला आणि १९७४ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. एव्हाना आतड्यात राहणाऱ्या नव्या विषाणूंना नुसता क्रमांक द्यायची पद्धत पडली होती. याच्या वाट्याला ७१ आला. त्या पहिल्या विषाणूला 'बीआर-सीआर' अशी खूण मिळाली आणि तो शीतपेटीत गेला.

लगेच पुढच्या वर्षी, १९७५ मध्ये, बल्गेरियात पोलिओसारखी साथ उसळली. ७०५ रुग्ण आणि ४४ मृत्यू. मुलांचे हातपाय लुळे पडत होते, पण त्या देशात पोलिओची लस तर सर्वांना दिलेली होती. लस कुचकामी ठरली की काय, अशी भीती पसरली. पोलिओच्या लसीवर आयुष्य घालवलेले सोव्हिएत विषाणुतज्ज्ञ मिखाइल चुमाकोव्ह या तपासात होते. विषाणू निघाला तो कॅलिफोर्नियाचाच क्रमांक ७१. तीन वर्षांनी हंगेरीत पुन्हा तेच घडलं आणि तिथेही चाळीसहून अधिक बळी गेले. त्यानंतर हा विषाणू युरोपात जणू विरून गेला. तुरळक रुग्ण सापडत राहिले, पण तशी साथ परत आली नाही. ती दोन दशकांनी सिबूत आली. बल्गेरिया आणि सिबू यांना जोडणारा धागा आहे की नाही, हे सांगण्याचं साधन त्या वेळी सिबूच्या डॉक्टरांपाशी नव्हतं.

सिबूच्या मुलांचं हृदय मुळात बिघडलेलंच नव्हतं, हे कळलं ते क्वालालंपूरला. मलाया विद्यापीठाच्या इस्पितळात त्याच वर्षी काही मुलं तशीच गेली होती. लूसी लम, लाम साय किट आणि विकृतितज्ज्ञ वाँग कुम थाँग यांनी त्यांची शवपरीक्षा केली. हृदयाचे स्नायू धड होते. घाव होता मेंदूच्या देठात, जिथून श्वास, नाडी आणि रक्तदाब यांचं नियमन चालतं. तिथल्या पेशींमध्ये एंटरोव्हायरस ७१ ठाण मांडून बसला होता. मेंदूचा देठ बिघडला की चेतातंतूंतून बेबंद इशारे सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्ताचा सारा लोंढा फुप्फुसांकडे वळतो. मूल जणू आतल्या आत बुडतं. डॉक्टर छातीकडे पाहत होते आणि आजार मानेच्या वर, कवटीच्या तळाशी होता.

पुढच्या वर्षी तैवानने या निदानाची फार मोठी किंमत मोजून खात्री करून दिली. १९९८ मध्ये तिथल्या नेमून दिलेल्या दवाखान्यांनी हात-पाय-तोंडाचा आजार आणि घशातले फोड मिळून १,२९,१०६ रुग्ण कळवले. ४०५ मुलं अत्यवस्थ झाली. ७८ जण दगावले, त्यांतले ७१ पाच वर्षांचे किंवा त्याहून लहान होते. दगावलेल्यांपैकी ६५ जणांच्या फुप्फुसात पाणी किंवा रक्त भरलं होतं. तैवानच्या बालरोगतज्ज्ञांनी त्या उन्हाळ्यात एक लक्षण टिपलं आणि ते पुढे सगळ्या आशियाच्या उपयोगी पडलं. ताप असलेलं मूल झोप लागताना वारंवार दचकत असेल, त्याच्या हातापायांना झटके बसत असतील, तर विषाणू मेंदूच्या देठापर्यंत पोहोचला आहे असं समजावं आणि त्याला ताबडतोब अतिदक्षता विभागात न्यावं. आईच्या डोळ्यांनाही दिसेल असं हे लक्षण आहे. त्याने वाचवलेल्या मुलांची गणती कुठल्या अहवालात नाही.

आता प्रश्न उरला निरनिराळ्या साथींना जोडणाऱ्या धाग्याचा. तो जोडण्याचं साधन अमेरिकेत अटलांटाला तयार झालं होतं, पण या विषाणूसाठी नव्हे. पोलिओच्या मागावर असलेल्या संशोधकांनी ते घडवलं होतं. पोलिओचा विषाणू रायबोन्यूक्लिक आम्लाचा, म्हणजे आरएनएचा. पेशीत त्याची नक्कल होते तेव्हा चुका होतात आणि त्या चुका तपासून दुरुस्त करणारी यंत्रणा त्याच्यापाशी नसते. चुका साठत जातात, पुढच्या पिढीत उतरतात आणि त्यांचा वेग बराचसा ठरलेला असतो. दोन मुलांमधल्या विषाणूंच्या आरएनएतले घटक, म्हणजे त्यांची अक्षरं, समोरासमोर मांडली की कोण कुणाच्या किती जवळचा आणि दोघांचा पूर्वज साधारण कधीचा, हे काढता येतं. रेबेका रिको-हेसी, मार्क पॅलँश, ओलेन क्यू आणि बलदेव नॉटे यांनी १९८७ साली याच पद्धतीने जगभरच्या पोलिओ विषाणूंची भौगोलिक घराणी मांडून दाखवली. आपल्याकडे वंशावळ सांगणारा हेळवी दारी येऊन चोपडी उघडतो आणि कुठल्या गावाहून कोणता भाऊ कधी निघाला ते वाचून दाखवतो. इथे चोपडी विषाणूच्या अंगातच होती. ती वाचायला माणसं शिकली.

पॅलँश यांच्याच चमूतले बेट्टी ब्राउन आणि स्टीव्हन ओबर्स्टे यांनी एंटरोव्हायरस ७१ हाती घेतला. याचा जनुकसंच सुमारे ७,४०० अक्षरांचा. त्यांतल्या एका भागात विषाणूच्या कवचाचं व्हीपी-१ नावाचं प्रथिन बनवण्याची कृती असते. हा भाग बरोबर ८९१ अक्षरांचा आहे. आपल्या शरीरातली प्रतिपिंडं विषाणूला ओळखतात ती मुख्यतः या प्रथिनावरून, म्हणून जुन्या सीरमच्या चाचणीतून जी ओळख पटत असे तीच या अक्षरांतूनही पटते. सीरमच्या चाचणीला दिवसच्या दिवस लागत आणि तिचं उत्तर 'हा ७१ आहे' इथवरच थांबे. अक्षरं वाचली की पुढचा प्रश्न विचारता येतो: ७१ आहे, पण कोणत्या घरचा?

१९९९ साली त्यांनी १९७० ते १९९८ या काळातल्या ११३ नमुन्यांची वंशावळ प्रसिद्ध केली. त्यात तीन मुख्य घराणी निघाली. ए घराण्यात एकटा कॅलिफोर्नियाचा बीआर-सीआर होता. त्याचा वारस जगात कुठेच सापडत नव्हता. बाकी सगळे नमुने बी किंवा सी घराण्यातले. एका घराण्यातल्या विषाणूंमध्ये बारा टक्क्यांपर्यंत फरक असे आणि घराण्या-घराण्यांत तो साडेसोळा ते जवळजवळ वीस टक्क्यांपर्यंत जाई. मधली जागा रिकामी होती, म्हणून विभागणी कुणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती.

मग एकेक कोडं सुटू लागलं. सिबूचा विषाणू बी घराण्यातल्या तिसऱ्या शाखेचा ठरला, तैवानचा मुख्यतः सी घराण्यातल्या दुसऱ्या शाखेचा. पाठोपाठच्या दोन वर्षांत, एकाच भागात, त्याच तऱ्हेने मुलं गेली, तरी ती एकच साथ पुढे सरकत गेलेली नव्हती. दोन वेगळ्या घराण्यांच्या विषाणूंनी जवळजवळ एकाच वेळी उचल खाल्ली होती. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला मुलांना मज्जासंस्थेचा त्रास होऊ लागला, तेव्हा पीटर मॅकमिन यांना तिथे दोन्ही शाखा आढळल्या. तिसऱ्या बी शाखेचे विषाणू मलेशिया आणि सिंगापूरच्या विषाणूंचे सख्खे नातलग होते. समुद्र ओलांडून विषाणू कोणत्या दिशेला गेला, हे आता नकाशावर दाखवता येत होतं. 'विषाणू अचानक विषारी झाला' या तेव्हाच्या समजुतीलाही त्यामुळे धक्का बसला. एका घराण्यात झालेल्या एखाद्या बदलाने सगळं घडलं असतं, तर दुसऱ्या घराण्याने तैवानमध्ये तेच कसं केलं असतं?

या सगळ्या कामात मला सर्वांत भावतात त्या शीतपेट्या. नेदरलँड्समध्ये बिल्टहोवन इथल्या राष्ट्रीय संस्थेने पोलिओच्या देखरेखीत जमलेले जुने नमुने टाकून दिले नव्हते. २००९ साली साबिने व्हान डर सँडन, मॅरियन कोपमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उघडून वाचले, तेव्हा १९६३ सालच्या नमुन्यात एंटरोव्हायरस ७१ निघाला. कॅलिफोर्नियातल्या 'पहिल्या' विषाणूच्या सहा वर्षं आधीचा. तो बी घराण्याचा, पण ज्ञात शाखांहून जुना होता, म्हणून त्याला बी-० म्हटलं गेलं. मलाया विद्यापीठाशी संबंधित टी कोक केंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी गणित मांडलं. व्हीपी-१ च्या ८९१ अक्षरांपैकी वर्षाला साधारण चार बदलतात. त्या वेगाने मागे-मागे जात राहिलं, की सगळ्या घराण्यांचा मूळपुरुष १९४१ च्या आसपास सापडतो. एंटरोव्हायरस ७१ आणि निरुपद्रवी समजला जाणारा कॉक्सॅकी ए-१६ ही एकाच पूर्वजाची लेकरं आहेत, हेही त्यातून पुढे आलं. बिल्टहोवनच्या ज्या कर्मचाऱ्याने १९६३ मध्ये ती कुपी शीतपेटीत ठेवली, त्याला जनुकक्रम वाचण्याची कल्पनाही नसणार. तरी त्याने ती नीट ठेवली.

सिबूने धडा घेतला तो हाच. सारावाकमध्ये १९९८ पासून ठरावीक दवाखान्यांतून नमुने गोळा करून वाचायला सुरुवात झाली. २०००, २००३, २००६ अशी दर तीन वर्षांनी साथ येत राहिली आणि बहुतेक प्रत्येक वेळी गादीवर नवी शाखा होती. १९९७ ची बी-३ गेली, बी-४ आली, तीही गेली, बी-५ आली. तीन वर्षांत नवी मुलं जन्मतात, त्यांच्यात प्रतिकारशक्ती नसते, सरपण पुरेसं साठलं की साथ पेटते. देखरेख असल्यामुळे हे चक्र आधीच ओळखता आलं. साथ येणार हे ठाऊक असलं की इस्पितळात जागा राखता येते, डॉक्टर दचकण्याच्या लक्षणाकडे वेळेत पाहतात. सिबूच्या इस्पितळातले बालरोगतज्ज्ञ ऊई माँग हाऊ यांनी पुढे कोणत्या नमुन्यातून हा विषाणू खात्रीने सापडतो याचाच अभ्यास केला. तो अभ्यास आपल्याही कामाचा आहे.

चीनमध्ये देखरेखीची किंमत उलट बाजूने कळली. २००८ च्या मार्चमध्ये आन्हुई प्रांतातल्या फुयांग शहरात मुलं फुप्फुसाच्या आजाराने जाऊ लागली. सार्स पुन्हा आला की बर्ड फ्लू, अशा अफवा गावोगाव पोहोचल्या. कारण एंटरोव्हायरस ७१ असल्याचं एप्रिलच्या अखेरीस जाहीर झालं आणि तोवर पालकांचा संताप अनावर झाला होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्या एका शहरात ६,०४९ रुग्ण आणि २२ मृत्यू नोंदवले गेले. २ मे रोजी चीनने हा आजार सक्तीने कळवण्याच्या यादीत घातला. मग खरं आकारमान दिसलं. २००८ ते २०१२ या पाच वर्षांत देशात ७२ लाखांवर रुग्ण आणि २,४५७ मृत्यू. प्रयोगशाळेत खात्री झालेल्या मृत्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक एकट्या एंटरोव्हायरस ७१ चे.

चीनच्या विषाणूंची वंशावळ मांडली तेव्हा जवळजवळ सगळे एकाच शाखेचे निघाले: सी-४. ही शाखा शेनझेनमध्ये १९९८ पासून होती. दहा वर्षं ती देशात फिरत राहिली आणि त्या काळात तिचा एक फाटा, सी-४ए, बाकीच्यांना मागे टाकून पुढे आला. फुयांगचा विषाणू त्या फाट्याचा. व्हीपी-१ वाचून इतकं कळलं. पूर्ण जनुकसंच वाचल्यावर आणखी एक गोष्ट समोर आली. सी-४ च्या जनुकसंचाच्या उत्तरार्धातले काही तुकडे कॉक्सॅकी ए-१६ शी जुळत होते. एकाच मुलाच्या आतड्यात दोन विषाणू एकत्र राहिले की त्यांच्यात अशी देवाणघेवाण होते. म्हणजे ८९१ अक्षरांची वंशावळ घराण्याचं नाव अचूक सांगते, पण घरात कोण-कोण दत्तक आलं ते सांगत नाही. ते जाणायचं तर ७,४०० अक्षरं वाचावी लागतात.

सी-४ पुढे दक्षिणेला उतरली. व्हिएतनाममध्ये २०११ साली एक लाख दहा हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि सुमारे १७० मुलं गेली. त्याआधी काही वर्षं तिथे सी-५ ही स्थानिक शाखा होती. २०११ मध्ये तिची जागा सी-४ ने घेतली. पुढच्या वर्षी कंबोडियात नॉमपेन्हच्या कांथा बोफा इस्पितळातून स्विस बालरोगतज्ज्ञ बेआट रिश्नर यांनी लहान मुलांच्या अनाकलनीय मृत्यूंबद्दल इशारा दिला. जगभरच्या वर्तमानपत्रांत 'गूढ आजार' असे मथळे झळकले. तपासलेल्या ७८ रुग्णांपैकी ५४ दगावले होते. तिथल्या पाश्चर संस्थेने नमुने वाचले आणि बहुतेकांत सी-४ निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वेळी आणखी एक गोष्ट नोंदवली. यातल्या बऱ्याच मुलांना आजारपणात स्टेरॉइड दिलेली होती आणि या आजारात स्टेरॉइडने प्रकृती अधिक बिघडते. ताप उतरत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात स्टेरॉइडची सुई टोचून घेणं आपल्याकडेही नवं नाही, म्हणून ही नोंद मी इथे मुद्दाम देतो. काही वर्षांनी कंबोडियातल्या मुलांची साठवलेली रक्तद्रव्यं तपासली गेली, तेव्हा हा विषाणू निदान २००० सालापासून त्या देशात पसरलेला होता असं निष्पन्न झालं. गूढ होतं ते विषाणूबद्दल नव्हे. कुणी पाहिलंच नव्हतं.

चीनने लस केली. सी-४ च्याच विषाणूला निष्क्रिय करून बनवलेल्या तीन लसी २०१५ च्या डिसेंबरपासून पुढच्या वर्षभरात मंजूर झाल्या. हजारो बाळांवरच्या चाचण्यांत एंटरोव्हायरस ७१ च्या आजारापासून त्यांनी नव्वद टक्क्यांहून अधिक संरक्षण दिलं. नंतर तैवानमध्ये बी-४ वर आधारलेली लस तयार झाली. विषाणूचं घराणं ओळखण्याचं काम इथे सरळ बाळाच्या दंडापर्यंत पोहोचलं आणि माझ्या मते हाच या साऱ्या इतिहासातला सर्वांत समाधानाचा टप्पा. ही लस कॉक्सॅकी ए-१६ किंवा ए-६ ला मात्र थोपवत नाही. ए-६ ने २००८ मध्ये फिनलंडमध्ये मोठी साथ आणली होती. मुलं बरी होत आणि काही आठवड्यांनी त्यांची नखं गळून पडत. तोच ए-६ २०१३ पासून चीनमधल्या अनेक शहरांत पुढे सरसावला. युरोपातही सी-१ शाखेचं एक नवं संकरित रूप आधी जर्मनीत दिसलं आणि २०१६ मध्ये कॅटलोनियात त्याने मुलांच्या मेंदूच्या देठावर हल्ला केला.

भारत या वंशावळीत कुठे बसतो? उत्तर मुंबईत परळला मिळालं. हाफकिनच्या आवारातलं एंटरोव्हायरस संशोधन केंद्र तेव्हा देशाच्या पोलिओ मोहिमेचा डोळा होतं. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की त्याच्या शौचाचे दोन नमुने थंड डब्यातून प्रयोगशाळेत जातात आणि त्यात पोलिओ आहे का ते पाहतात. २००१ मध्ये अशाच एका मुलाच्या नमुन्यात पोलिओ नव्हता, एंटरोव्हायरस ७१ होता. जगदीश देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची अक्षरं वाचली. ती ए, बी, सी यांपैकी कुणाशीच जुळेनात. अटलांटाच्या यादीतली मधली रिकामी जागा ओलांडून तो वेगळाच उभा होता. २००३ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी लिहिलं की हे नवं घराणं आहे. जगाने पुढे त्याला डी म्हटलं. आफ्रिकेतल्या नमुन्यांतून ई आणि मादागास्करच्या नमुन्यांतून एफ ही घराणी २०१४ साली पुढे आली. २०१५ मध्ये परळच्याच चमूने आणखी एक, जी, जाहीर केलं. डी आणि जी ही दोन्ही घराणी त्यांना भारताच्या विस्तृत भागात आढळली. जगभर फिरणाऱ्या सी-१ शाखेचा मात्र पश्चिम भारतात एकच ठिकाणा सापडला.

यातली एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. हे विषाणू हात-पाय-तोंडाच्या आजाराच्या रुग्णांतून आलेले नाहीत. लुळेपणाच्या जाळ्यात ते योगायोगाने सापडले. आपल्याकडे फोडांच्या साथीत जे नमुने वाचले गेले त्यांत बहुतांशी वेगळेच विषाणू होते. कोझिकोडला २००३ मध्ये साथ आली, पुढे बंगाल, ओडिशा, तामिळनाडूतही आली. नागपूरच्या रुग्णांवरचा लेख २००८ साली त्वचारोगाच्या भारतीय नियतकालिकात छापून आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने दक्षिण आणि पूर्व भारतातले नमुने वाचले तेव्हा त्यांत प्रामुख्याने कॉक्सॅकी ए-१६ आणि ए-६ निघाले. २०२२ च्या मेमध्ये कोल्लमहून 'टोमॅटो फ्लू'ची बातमी पसरली आणि कुणी तिला डेंग्यूशी, कुणी चिकुनगुन्याशी जोडलं. केरळहून ब्रिटनला परतलेल्या दोन मुलांच्या फोडांचे नमुने तिथे वाचले गेले तेव्हा ए-१६ ओळखला गेला, म्हणजे १९५७ मध्ये टोरोंटोत सापडलेलाच.

म्हणून फोड येऊन बरी होणारी मुलं आणि एंटरोव्हायरस ७१ मुळे लुळी पडणारी मुलं, असे दोन वेगळे इतिहास भारतात शेजारी-शेजारी चालले आहेत. २०१५ च्या त्या लेखाच्या शेवटी संशोधकांनी देशभर पद्धतशीर शोध घ्यायची मागणी केली होती. पोलिओच्या जाळ्याला हातपाय लुळे पडलेली मुलं दिसतात. मेंदूज्वराने तीन दिवसांत जाणारी मुलं त्या जाळ्यात येत नाहीत. अशा मुलाच्या पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून जपानी मेंदूज्वरासाठी पाठवण्याची रीत आपल्या जिल्हा इस्पितळांत रुळलेली आहे. पण एंटरोव्हायरस ७१ त्या पाण्यात क्वचितच सापडतो. ऊई यांच्या अभ्यासाने दाखवलं की तो घशाच्या पुसणीत सापडतो, फोडांत सापडतो, गुदद्वाराच्या पुसणीत सापडतो. ताप, झटके आणि धाप घेऊन आलेल्या मुलाच्या घशात एक कापसाची काडी फिरवून ती थंड डब्यात ठेवायला मिनिटभर पुरतं. ती वाचणारी प्रयोगशाळा पुण्यात आहे आणि परळमध्येही आहे.